साठीनंतरचे काम : शिदोरी जुनी, वाट नवी

निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात दवाखान्यात येणाऱ्या तक्रारींना एक ठरावीक वळण असते. पहाटे तीनलाच झोप मोडते, भूक मंदावते, छातीत धडधडते, वर्तमानपत्रातही मन लागत नाही. रक्त तपासावे, ईसीजी काढावा, तर बरेचदा हाती काही लागत नाही. मग बोलता बोलता उलगडा होतो. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ मिळाले, दोन-तीन महिने नातेवाइकांकडे आणि तीर्थयात्रेत गेले. आता सकाळी नऊ वाजता अंघोळ करून तयार झालेल्या माणसाला जायला ठिकाण उरलेले नाही. ज्या गृहिणीची मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दूर गेली, तिचीही अवस्था थोड्याफार फरकाने अशीच असते. तिला मात्र कोणी निरोप समारंभ केलेला नसतो.

महाराष्ट्र शासनाचे बहुसंख्य कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, केंद्र शासनाचे ६० व्या वर्षी. साठीला पोहोचलेल्या भारतीय व्यक्तीला पुढे सरासरी सुमारे १८ वर्षांचे आयुष्य असते. जन्मापासून कायद्याने सज्ञान होईपर्यंत जेवढा काळ लागतो, जवळजवळ तेवढाच हा काळ! एवढ्या वर्षांना ‘उरलेले आयुष्य’ म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

या वळणावर माणसाला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. ‘पुष्कळ झाले, आता स्वस्थ बसा’ हा एक, आणि ‘वय काय, नुसता आकडा आहे’ हा दुसरा. पहिला सल्ला मायेपोटी दिलेला असतो, पण तो माणसाला हळूहळू निकामी करतो. दुसरा उत्साह देतो, पण गुडघे, डोळे आणि रक्तदाब यांना तो मान्य नसतो. सत्य या दोहोंच्या मध्ये आहे. उतारवयात समाधानाचे काम मिळालेल्यांची आयुष्ये पाहिली तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्यांनी नवी वाट धरली, पण बरोबर घेतलेली शिदोरी जुनी होती.

मेंदू काय गमावतो, काय राखतो

वयाबरोबर मेंदूचा वेग कमी होतो, हे खरे आहे. नावे चटकन आठवत नाहीत, एका वेळी दोन कामे करताना गोंधळ उडतो, नवे यंत्र शिकायला मुलापेक्षा वडिलांना अधिक वेळ लागतो. ही घसरण साठीला एकाएकी सुरू होत नाही, ती तरुणपणापासूनच अगदी संथपणे चालू असते.

दुसरीकडे शब्दसंग्रह, व्यवसायाचे ज्ञान, माणसांची पारख, अनुभवातून आलेला विवेक या गोष्टी पन्नाशी-साठीपर्यंत वाढत राहतात आणि पुढेही बराच काळ टिकतात. मानसशास्त्रज्ञ बुद्धीचे असे दोन प्रकार मानतात : अनोळखी प्रश्न झटपट सोडवणारी प्रवाही बुद्धी आणि साठलेल्या ज्ञानाचा उपयोग करणारी संचित बुद्धी. पहिली लवकर ओसरते, दुसरी उशिरापर्यंत साथ देते. म्हणून साठीनंतरचे काम निवडताना ज्यात संचित बुद्धीला वाव आहे ते निवडणे शहाणपणाचे ठरते. हिशेब तपासनीस म्हणून तीस वर्षे काम केलेल्या गृहस्थाने बचत गटाच्या वह्या पाहाव्यात, तर पहिल्याच दिवशी त्याच्या ज्ञानाचा उपयोग होतो. त्यानेच शेअर बाजारात रोजच्या रोज खरेदी-विक्री सुरू केली, तर ज्या वेगात तो मागे पडणार त्याच वेगाशी त्याची स्पर्धा लागते.

नवे शिकूच नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. वाद्य, भाषा, संगणक, चित्रकला यांपैकी काहीही साठीनंतर शिकता येते. फक्त उजळणी अधिक लागते आणि सत्रे लहान ठेवावी लागतात. रोज अर्धा तास, हा हिशेब रविवारी सलग चार तास बसण्यापेक्षा या वयात अधिक फलदायी ठरतो.

तीन आयुष्ये

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ चा. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्याचे काम त्यांनी १८९१ पासून केले आणि १९१४ मध्ये ते निवृत्त झाले. महिला विद्यापीठाची स्थापना त्यांनी त्यानंतर, १९१६ मध्ये केली. त्या वेळी ते ५८ वर्षांचे होते, म्हणजे आज आपल्याकडे निरोप समारंभ होतो त्याच वयाचे. पण त्यामागे १८९६ मध्ये काढलेल्या अनाथ बालिकाश्रमाचा आणि हिंगण्याच्या संस्थेचा वीस वर्षांचा अनुभव होता. वर्गणी कशी मागावी, विरोध कसा सोसावा, विद्यार्थिनींना काय शिकवावे, हे सारे त्यांना ठाऊक झालेले होते. सत्तरी ओलांडल्यावर ते या संस्थेच्या कार्यासाठी परदेशी गेले. ७८ व्या वर्षी त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापन केले, ८६ व्या वर्षी समता संघ. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. एक तपशील डॉक्टर म्हणून नोंदवावासा वाटतो. हिंगणे ते पुणे ही कित्येक मैलांची पायपीट त्यांनी मध्यमवयात नित्यनेमाने केली होती. उतारवयातील कामाचे सामर्थ्य त्या पायांनी आधीच कमावून ठेवले होते.

दुसरे उदाहरण वैद्यकातलेच आहे. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. पुण्यात आणि पुढे आफ्रिकेत टांझानियात त्यांनी व्यवसाय केला. १९६९ मध्ये, वयाच्या बेचाळिशीच्या सुमारास, त्यांनी पूर्णवेळ नट व्हायचे ठरवले आणि १९७० च्या अखेरीस ‘नटसम्राट’ रंगमंचावर आले. बेचाळीस म्हणजे म्हातारपण नव्हे, पण जम बसलेला व्यवसाय सोडण्यास ते वय उशिराचेच आहे. अनेकांना हा निर्णय धाडसी उडी वाटतो. प्रत्यक्षात ते वैद्यकीय महाविद्यालयात असल्यापासून नाटक करीत होते आणि व्यवसाय सांभाळून हौशी व प्रायोगिक रंगभूमीवर वर्षानुवर्षे राबले होते. उडी घेण्यापूर्वी पाण्याची खोली त्यांनी पुरती जोखलेली होती.

तिसरे आयुष्य लक्ष्मीबाई टिळकांचे. १८६८ साली जन्मलेल्या या बाईंना नियमित शाळा लाभली नाही. संसार, ताटातूट, धर्मांतराचे वादळ, गरिबी, दुसऱ्यांची मुले सांभाळणे यांत आयुष्य गेले. पती रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये निवर्तले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले, आणि ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत आज त्या पुस्तकाची गणना होते. त्यांच्याकडे पदवी नव्हती, पदही नव्हते. जगलेले आयुष्य आणि ते विनोदाने सांगण्याची हातोटी एवढेच त्यांचे भांडवल होते. ‘मी काय, नुसते घर सांभाळले’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक स्त्रीने हे उदाहरण लक्षात ठेवावे.

या तिघांपैकी कोणीही शून्यापासून आरंभ केला नाही. म्हणून साठीच्या उंबरठ्यावर ‘आता मी काय नवीन करू?’ या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारावा : इतकी वर्षे लोक माझ्याकडे कशासाठी येत होते? कोणी अर्ज लिहून घ्यायला येत असे, कोणी भांडण मिटवायला, कोणी लोणच्याचे प्रमाण विचारायला, कोणी पंपाची मोटार दाखवायला. शिदोरी त्या उत्तरात सापडते.

शरीराची तयारी

काम सापडले, तरी ते पेलणारे शरीर हवे. साठीच्या आसपास पुढील गोष्टी तपासून घ्याव्यात.

डोळे आणि कान : जवळचे वाचायला चष्मा चाळिशीतच लागतो. साठीत मोतीबिंदू आणि काचबिंदू यांची तपासणी आवश्यक असते. कानांकडे मात्र आपण सर्रास दुर्लक्ष करतो. ऐकू कमी येणारा माणूस हळूहळू बोलणे टाळतो, सभा टाळतो, एकटा पडतो. उपचार न केलेला बहिरेपणा हा पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या घटकांपैकी एक मानला जातो. चष्म्याची आपल्याला लाज वाटत नाही, मग श्रवणयंत्राची का वाटावी?

रक्तदाब आणि मधुमेह : दोन्ही आटोक्यात असतील तर ते कामाच्या आड येत नाहीत. अनियमित झाले तर मेंदू, मूत्रपिंड आणि डोळे यांवर घाव घालतात. कामाच्या नादात गोळी चुकवणे आणि जेवणाच्या वेळा हुकवणे टाळावे.

स्नायू : वाढत्या वयात स्नायूंचे वस्तुमान घटते आणि साठीनंतर ही घट वेगाने होते. नुसते चालणे पुरत नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे, दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम आणि ६५ नंतर तोल सांभाळण्याचे व्यायाम, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे हा घरच्या घरी करता येण्याजोगा व्यायाम आहे. आहारात डाळी, उसळी, दूध-दही आणि चालत असल्यास अंडी, मासे पुरेसे असावेत.

मन : सतत दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, निरुत्साह, झोपमोड, ‘आता माझा काय उपयोग’ असे विचार राहिले, तर त्याला निवृत्तीचा परिणाम म्हणून सोडून देऊ नये. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर चांगले उपचार आहेत. थायरॉइडचे विकार आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही अशीच लक्षणे दाखवतात. ही कमतरता शाकाहारी व्यक्तींत आणि मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत विशेष आढळते. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे. मनावरचा भार असह्य झाल्यास शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर केव्हाही बोलता येते.

ज्याने आयुष्यभर अंगमेहनतीचे किंवा रात्रपाळीचे काम केले, त्याच्या शरीराला आधी विश्रांतीचाच हक्क आहे, हेही विसरू नये. गवंड्याने साठीनंतर विटा उचलू नयेत. पण भिंत ओळंब्यात आहे की नाही, हे सांगणारी त्याची नजर तरुण कारागिरांना हवीच असते.

पैसा आणि घर

उतारवयातील धाडसाची सर्वांत मोठी किंमत भविष्यनिर्वाह निधीची रक्कम घालवून मोजावी लागते. हॉटेल, दुकान, परिचिताची भागीदारी यांत आयुष्याची पुंजी गुंतवून रक्तदाब वाढवून घेतलेले रुग्ण प्रत्येक डॉक्टरच्या ओळखीचे असतात. नियम साधा ठेवावा. पती-पत्नीचा घरखर्च, आजारपणाची तरतूद आणि आरोग्य विमा यांना हात न लावता जे उरते, त्यातूनच प्रयोग करावा. बुडाले तर झोप उडणार नाही, एवढेच गुंतवावे.

ज्यांना निवृत्तिवेतन नाही, त्यांच्यासाठी साठीनंतरचे काम ही हौस नसते, चरितार्थ असतो. त्यांनी कामाचा मोबदला मागताना संकोचू नये. ‘काकांना तेवढाच विरंगुळा’ असे म्हणून कोणाचे कौशल्य फुकट वापरणे योग्य नाही.

दुसरा प्रश्न घराचा. निवृत्त वडिलांनी वाचनालयाचे काम हाती घेतले, तर घरात कौतुक होते. आईने शिवणाचा वर्ग काढायचे ठरवले की, नातवाला शाळेतून कोण आणणार, हा प्रश्न पुढे येतो. घरकामातून बाईला निवृत्ती नसते, ही आपली जुनी रीत आहे. मुला-सुनांनी आणि मुख्य म्हणजे पतीने तिच्या कामाचे तास मोकळे करून द्यावेत. आठवड्यातील तीन संध्याकाळी घरची पोळी-भाजी दुसऱ्या कोणी केली, तर कोणाचेही बिघडत नाही. नातवंडांचा सहवास आनंदाचाच आहे, पण त्यासाठीही विचारणा व्हावी, तो गृहीत धरला जाऊ नये.

सुरुवात कशी करावी

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. दोन-तीन वर्षे आधीच, नोकरी चालू असताना, आठवड्याला दोन-तीन तास त्या कामाला द्यावेत. आवड खरी आहे की दुरूनच गोड वाटणारी आहे, हे तेवढ्यात कळते. निवृत्तीनंतर आरंभी दिवसाला दोन तासांपेक्षा अधिक बांधिलकी स्वीकारू नये. सहा महिन्यांनी पती-पत्नीने एकत्र बसून आढावा घ्यावा : झोप सुधारली का, थकवा वाढला का, घरात कुरबुर होते का, आणि सकाळी उठल्यावर त्या कामाकडे मन ओढ घेते का? उत्तरे नकारार्थी असतील, तर काम बदलावे. त्यात कमीपणा काही नाही.

काम निवडताना आणखी एक कसोटी लावावी. आपण एक दिवस गेलो नाही, तर कोणी विचारपूस करील का? एकट्याने कोडी सोडवणे चांगलेच, पण ज्याची कोणी वाट पाहते त्या कामाचा गुण निराळा असतो. अभ्यासिकेतील मुले, भजनी मंडळातील सोबती, रोपवाटिकेतील मजूर, दवाखान्यात केसपेपर काढून देणारे काका यांना घरातून वेळेवर निघावे लागते. वेळेवर निघण्यासाठी वेळेवर झोपावे, जेवावे, गोळी घ्यावी लागते. औषधाच्या चिठ्ठीत लिहून देता येत नाही अशी ही शिस्त आहे.

प्रत्येकाच्या हातून विद्यापीठ उभे राहणार नाही, ग्रंथही लिहून होणार नाही. त्याची गरजही नाही. वाडीतल्या चार मुलांचे गणित सुधारले, सोसायटीचे हिशेब स्वच्छ झाले, आजीच्या हातचे मेतकूट दहा घरांत जाऊ लागले, तरी ते यशच आहे. या घरांतील वडीलधाऱ्यांना येत्या रविवारी एकच विचारावे : ‘तुम्हाला काय येते, जे आम्ही तुमच्याकडून कधी शिकून घेतले नाही?’ आणि उत्तर पुरे होईपर्यंत ऐकावे.