लिथ प्रिंटचा रंग बाटलीतून येत नाही

लिथ प्रिंट, म्हणजे लिथ डेव्हलपरमध्ये काढलेला ब्लॅक अँड व्हाइट फोटो, पहिल्यांदा पाहणारा बहुधा विचारतो, ‘यात रंग कोणता टाकला?’ उजळ भागात पीच किंवा फिकट तपकिरी छटा, आणि त्याला लागूनच खरबरीत, ठार काळी सावली. रंग टाकलाय असंच वाटतं. प्रत्यक्षात टाकलेलं काहीच नसतं. साध्या ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटमध्ये असते तीच चांदी इथेही असते. फरक असतो कणांच्या आकारात. चांदीचे कण अगदी बारीक राहिले की ते पिवळसर, तपकिरी दिसतात. वाढून मोठे झाले की थंड काळे. वॉर्म-टोन, म्हणजे उबदार छटा देणाऱ्या पेपरचं गुपितही हेच आहे. त्याचं क्लोरोब्रोमाइड इमल्शन (कागदावरचा प्रकाशसंवेदी थर) बारीक कण देतं. क्रीम रंगाचा कागद घेतला म्हणजे वॉर्म-टोन झालं, असं नाही. तो नुसता कागदाचा रंग.

सेपियाशी होणारी गल्लत तर नेहमीचीच. सेपियात तयार प्रिंट ब्लीच करून त्यातल्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड करतात. ही प्रिंट झाल्यानंतरची प्रक्रिया आहे, आणि तिने प्रिंट जास्त टिकाऊ होतो. वॉर्म-टोनचं उलट आहे. बारीक कणांवर दूषित हवेचा परिणाम लवकर होतो. जुन्यासारखा दिसणारा प्रिंट जुना होईपर्यंत टिकेलच, हे गृहीत धरू नका. सेलेनियम टोनरने त्याला संरक्षण मिळतं, मात्र छटाही बदलते.

‘लिथ म्हणजे नुसतं काळं-पांढरं, मधले करडे टोन गायब’ हा समज छापखान्यातून आलेला आहे. लिथ डेव्हलपर मुळात छपाईच्या प्रोसेस कॅमेऱ्याच्या फिल्मसाठी होता. संगणक येण्याआधी ऑफसेटवर छापल्या जाणाऱ्या मासिकांची पानं अशाच फिल्मवरून प्लेटवर जात. तिथे करडा टोन नकोच असायचा. पण तोच डेव्हलपर भरपूर पाण्यात पातळ करून फोटोपेपरसाठी वापरला, की उजळ भाग अतिशय मऊ येतात आणि काळे भाग कडक. एकाच प्रिंटमध्ये दोन स्वभाव. मला लिथ आवडतं ते यासाठीच.

आता मुख्य गोष्ट. साध्या प्रिंटिंगमध्ये पेपर ठरलेला वेळ पूर्ण डेव्हलप करायचा असतो. ‘लवकर काढू नका’ हे पहिल्या दिवशीच शिकवतात. लिथमध्ये हा नियम मोडावाच लागतो. एक्स्पोजर नेहमीपेक्षा दोन-तीन स्टॉप जास्त द्यायचं, म्हणजे दहा सेकंदांच्या जागी चाळीस ते ऐंशी. मग ट्रेमध्ये बराच वेळ काही घडत नाही. दहा मिनिटंही जाऊ शकतात, वीसही. नवशिका इथेच धीर सोडतो. डेव्हलपरमधलं हायड्रोक्विनोन काम करताना जे पदार्थ तयार होतात, तेच पुढच्या डेव्हलपिंगला वेग देतात. साध्या डेव्हलपरमध्ये भरपूर सल्फाइट असतं, ते या पदार्थांचा बंदोबस्त करतं. लिथमध्ये सल्फाइट मुद्दाम अत्यल्प ठेवलेलं असतं. त्यामुळे सावल्या एकदा काळ्या होऊ लागल्या की भराभर काळ्या होतात. हवा तेवढा काळा आला की पेपर उचलायचा आणि तडक स्टॉप बाथमध्ये टाकायचा. काही सेकंदांच्या उशिराने चेहऱ्यावरचा सगळा तपशील बुडतो. थोडक्यात, उजळ भाग एक्स्पोजरने ठरतात आणि काळे भाग उचलण्याच्या क्षणाने. आणि लाल दिव्यात दिसलेल्या रंगावर भिस्त ठेवू नका. फिक्सरमध्ये तो बदलतो, वाळल्यावर पुन्हा बदलतो.

‘डेव्हलपर ताजा तेवढा चांगला’ हेही इथे लागू नाही. अगदी ताज्या द्रावणातले पहिले प्रिंट बरेचदा फिके, बेचव निघतात. म्हणून अनुभवी लोक वापरून तपकिरी झालेला डेव्हलपर राखून ठेवतात आणि नव्यात विरजणासारखा घालतात. ब्रिटिश प्रिंटर टिम रडमन यांच्या लिथवरच्या पुस्तकांमुळे ही युक्ती सर्वदूर पोचली. मात्र द्रावण फारच थकलं तर प्रिंटवर मिरपुडीसारखे काळे ठिपके उमटतात. चिमूटभर सोडियम सल्फाइटने ते आटोक्यात येतात. प्रत्येक प्रिंटनंतर द्रावण बदलत असल्यामुळे हुबेहूब दुसरी प्रत काढणं जवळजवळ अशक्य. दहा सारख्या प्रती हव्या असतील तर लिथच्या वाटेला जाऊ नये.

पेपर कुठलाही चालत नाही. ज्यांच्या इमल्शनमध्येच डेव्हलपर मिसळलेला असतो, ते पेपर लिथला दाद देत नाहीत. चेक कंपनी फोमाचा फोमाटोन मात्र छान रंग देतो. गरमीची भीती तर पूर्णच सोडा: थंड द्रावणात हायड्रोक्विनोन सुस्तावतं, त्यामुळे थंड देशांतले लोक ट्रे मुद्दाम गरम करतात. आपल्याकडे मे महिन्यात नळच ते काम करतो. फक्त द्रावण लवकर संपतं.

सेफलाइट, म्हणजे डार्करूमचा लाल दिवा, मात्र तपासून घ्या. दोन मिनिटांच्या प्रिंटला निर्धोक असलेला दिवा वीस मिनिटांत उजळ भाग मळवू शकतो. आणि ‘ब्लॅक अँड व्हाइटची रसायनं निरुपद्रवी’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. अनेक लिथ डेव्हलपरमध्ये फॉर्मल्डिहाइडचं संयुग असतं आणि ट्रेवर वाकून बराच वेळ उभं राहावं लागतं. हातमोजे घाला, आणि एक्झॉस्ट पंखा नसलेल्या बंद बाथरूममध्ये हा प्रयोग करू नका.