कोट्यवधी वर्षांची सांधण, अर्ध्या दिवसात

नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या धरणात गोदावरीचं पाणी कुठून येतं, असं कुणी विचारलं की आपण त्र्यंबकेश्वर म्हणून मोकळे होतो. पण त्यात गोदावरीला मिळणाऱ्या प्रवरा नदीचाही वाटा आहे. तिच्या उगमाकडच्या डोंगरात, अकोले तालुक्यात, अगदी सह्याद्रीच्या कड्याला टेकून साम्रद गाव आहे. इथे पावसाची वाटणी होते. पूर्वेला पडलेला थेंब भंडारदरा, जायकवाडी, विष्णुपुरी करत हजार किलोमीटरहून जास्त वाट तुडवून बंगालच्या उपसागराला मिळतो. पश्चिमेचा थेंब सांधण दरीत शिरून कोकणात उतरतो. अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत.

सांधण म्हणजे काळ्या पाषाणाला गेलेली अरुंद चीर. लांबी दोनेक किलोमीटर, खोली सुमारे 200 फूट, आणि काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती हाताला लागतात. हा पाषाण साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आजही तो सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. अख्ख्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ 3 लाख 7 हजार. घाटाकडे या पाषाणाची जाडी 2,000 मीटरच्या घरात. आपल्याकडे, नांदेडला येईतो तो पातळ होत जातो आणि देगलूर-बिलोलीला खालचा ग्रॅनाइट उघडा पडतो.

एक हिशेब करून पाहू. 200 फूट म्हणजे सुमारे 61,000 मिलिमीटर. लाव्हा निवल्या दिवसापासून पाणी सारख्याच वेगाने कापत आलं असं धरलं, तर एका मिलिमीटरला सुमारे अकराशे वर्षं पडतात. ज्ञानेश्वरी 1290 ची. तेव्हापासून आजपर्यंत एक मिलिमीटरही पुरा होत नाही. प्रत्यक्षात झीज अशी एका चालीने होत नाही, दरी कोरायला सुरुवातही नंतरच झाली असणार. तरीही त्या भिंतीला हात लावताना हा आकडा मनात असावा.

हे पाहायला दोर लावून खाली कोकणातल्या डेहणे गावापर्यंत उतरलंच पाहिजे, असा अनेकांचा समज आहे. तो सोडा. नांदेडहून तपोवन किंवा नंदीग्रामने इगतपुरी, तिथून घोटी-शेंडीमार्गे साम्रद. गावातला वाटाड्या घ्यायचा, पाण्याचे डोह ओलांडत, मोठमोठ्या धोंड्यांवरून सावकाश चालायचं आणि पहिला दोर लागतो त्या कड्यावरून मागे फिरायचं. चालत्या माणसाला अर्धा दिवस पुरे. दरीचा अरुंद, खोल गाभा एवढ्यातच पाहून होतो. पुढे आहे ती मुख्यतः कडे उतरण्याची कसरत.

थंडीत डोह कमरेपर्यंत असतो, उन्हाळ्यात बराच उतरतो. पावसाळ्यात मात्र आत पाऊल टाकू नका. वर पडलेलं सगळं पाणी याच चिरेतून खाली जातं आणि बाजूला सरकायला जागा नसते.