टीव्ही चालू, मोबाईल हातात: ग्राहकाचं लक्ष नेमकं कुठे?



आपल्या सावनेरात रात्री आठनंतर कोणत्याही घरी जा. टीव्ही चालू राहते आणि ज्याच्या-त्याच्या हातात मोबाईल राहते. बरेच दुकानदार नेमके याच वेळेला व्हॉट्सॲपवर ऑफर टाकतात. हिशोब सरळ वाटतो: ग्राहक मोबाईलवरच आहे, म्हणजे बघणारच. बघतो पण! निळी टिक येते. मात्र रिप्लाय येत नाही आणि ग्राहकही येत नाही. असं काहून होते?

निळी टिक म्हणजे वाचलं असं नाही

निळी टिक एवढंच सांगते की चॅट उघडलं. मालिकेत ऐन भांडण चालू असताना माणूस तुमचा मेसेज उघडतो, अर्धी ओळ बघतो आणि पुन्हा मान वर करतो. आपण एकाच वेळी दोन गोष्टी ऐकत-वाचत नाही. लक्ष इकडून तिकडे उड्या मारते आणि प्रत्येक उडीत थोडं सांडते. वरून तो मेसेज आता "न वाचलेला" दिसत नाही. सकाळपर्यंत त्याच्यावर वीस गुड मॉर्निंग चढतात. म्हणजे अर्ध्या लक्षानं उघडलेला मेसेज हा न उघडलेल्या मेसेजपेक्षा जास्त नुकसान करतो.

छोट्या दुकानदाराची खरी पुंजी म्हणजे ग्राहकांचे नंबर. कंटाळून त्यानं तुम्हाला म्यूट केलं, की पुंजी गेली.

टीव्हीवाल्यांकडून शिका

२००८-०९ मध्ये झी मराठीच्या 'सारेगमप लिटल चॅम्प्स'साठी घराघरांतून एसएमएस गेले. गाणं टीव्हीवर, मोबाईलवर फक्त मत. पुढे 'कौन बनेगा करोडपती'नं सोनी लिव्ह ॲपवर 'प्ले अलाँग' आणलं. प्रश्न बच्चन साहेब टीव्हीवर विचारतात, मोबाईलवर चारपैकी एका पर्यायावर बोट ठेवायचं. झालं!

इथे मोबाईल टीव्हीशी भांडत नाही. त्याला एकच छोटं काम आहे आणि तेही बरोबर वेळेवर. आपल्याला हेच दुकानात आणायचं आहे.

चार नियम

१. वेळ पाहा. नियमाप्रमाणे टीव्हीवर तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती असतात, पण तुमच्या ग्राहकाच्या चॅनेलवर ब्रेक कधी येईल हे तुम्हाला कळणार नाही. म्हणून मालिका सुरू व्हायच्या आधीच पाठवा. आयपीएलची रात्रीची मॅच साडेसातला असते, तर मेसेज सातच्या आधी. राहूनच गेलं तर दोन डावांमधल्या वेळेत.

२. पहिल्या ओळीत माल आणि भाव. नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीचे शब्दच दिसतात. तिथे "आमच्या दुकानात आपले सहर्ष स्वागत" लिहिलं, तर जागा वाया गेली.

३. एक मेसेज, एकच काम. पूर्ण रेट लिस्ट टाकू नका. असं लिहा: "शाळेचे बूट, उद्यापर्यंत १० टक्के सूट. बाजूला ठेवायचे असतील तर फक्त साईज नंबर पाठवा." ग्राहकाला "७" एवढंच टाईप करायचं आहे. ते तो टीव्ही बघतानाही करून टाकतो.

४. व्हिडिओ बनवत असाल तर टीव्हीवरचा प्रेक्षक धरा. आता लोक यूट्यूब मोठ्या टीव्हीवर बघून राहिले आहेत. "खालच्या लिंकवर क्लिक करा" हे त्यांच्या कामाचं नाही. क्यूआर कोड दाखवा आणि मोबाईल काढून, कॅमेरा उघडून स्कॅन होईपर्यंत तो स्क्रीनवर राहू द्या. तेवढा वेळ नवीन मुद्दा सुरू करू नका. तुम्हीच त्याला मोबाईलकडे पाठवलं, मग तो परत येईपर्यंत थांबा ना!

या आठवड्याचा होमवर्क

तुमच्या ग्राहकांच्या यादीचे दोन सारखे भाग करा. एकच मेसेज पहिल्या भागाला सायंकाळी साडेसहाला पाठवा, दुसऱ्याला रात्री साडेआठला. दुसऱ्या दिवशी टिका मोजू नका. किती रिप्लाय आले आणि किती जण दुकानात आले, तेवढंच वहीत लिहा. पुढच्या आठवड्यात वेळा उलट करून पुन्हा करा. तुमच्या ग्राहकाचं लक्ष कधी मोकळं असते, हे तुमची वहीच तुम्हाला सांगेल.