विश्लेषण : अलिबाग-मुरूड रस्त्यावरच्या गावांत कोणता इतिहास दडला आहे?

अलिबागहून मुरूडकडे निघालेले बहुतेक पर्यटक थेट जंजिरा गाठतात. वाटेतली चौल, रेवदंडा आणि कोर्लई ही गावे गाडीच्या काचेतून मागे पडतात. वास्तविक या रस्त्यावरचा सर्वात जुना आणि गुंतागुंतीचा इतिहास तिथेच आहे.

चौल महत्त्वाचे का?

आज नारळ-सुपारीच्या वाड्यांत हरवलेले हे गाव एकेकाळी अरबस्तान आणि आफ्रिकेशी व्यापार करणारे बंदर होते. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख ‘सेमुल्ला’ असा आढळतो. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितिन इथे उतरला. 1508 मध्ये इथल्या खाडीतील लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. तरीही 1521 मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना किल्ल्याची परवानगी दिली. हाच रेवदंड्याचा किल्ला. त्याची तटबंदी फोडून रस्ता जातो आणि आत वाड्या, घरे, अंगणे आहेत. किल्ला पाहायला तिकीट नाही, फक्त गाडीतून उतरावे लागते. गावात बेने इस्रायली समाजाचे सिनेगॉगही आहे. चेऊलकर, रोहेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे याच किनाऱ्यावरची.

कोर्लईत वेगळे काय?

कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडला की कोर्लई. टेकडीवरचा किल्ला आणि दीपगृह सर्वांना ठाऊक असते. खरा ठेवा मात्र पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत आहे. तिथले लोक ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ बोलतात. शब्दसंग्रह बहुतांश पोर्तुगीज, पण वाक्यात क्रियापद मराठीसारखे शेवटी. 1740 मध्ये चौल मराठ्यांच्या हाती गेले, पोर्तुगीज निघून गेले, भाषा मात्र टिकली. ती बोलणारे जेमतेम हजारभर. मुले मराठी शाळेत जातात, तरुण मुंबईत नोकरीला. त्यामुळे घराबाहेर तिचा उपयोग उरलेला नाही. किल्ल्याची डागडुजी करता येते, भाषेची कशी करणार?

जंजिऱ्याला किती वेळ द्यावा?

राजपुरीहून शिडाच्या होडीने जावे लागते. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना कधीच जिंकता आला नाही. 1682 मध्ये संभाजी महाराजांनी समुद्रात भराव टाकून वाट करण्याचा प्रयत्नही केला होता. संस्थान 1948 मध्ये विलीन झाले. किल्ल्यासाठी दोन-तीन तास पुरतात. म्हणून सकाळ चौल-रेवदंड्याला द्यावी आणि दुपारपर्यंत राजपुरी गाठावी. उलट क्रम धरला तर चौल हमखास राहून जाते.

पुढे काय?

रेवस-रेड्डी सागरी महामार्गात कुंडलिकेवरील नव्या पुलाचा समावेश आहे. प्रवास वेगवान होईल आणि स्थानिकांना त्याची गरजही आहे. पण नव्या रस्त्यावरून जाणाऱ्याला तटबंदीतली वाट लागणारच नाही. रेवदंड्यातील खानावळवाले आणि शहाळीविक्रेते विचारतात तो प्रश्न हाच : थांबणार कोण?