वकील तोच, गोपनीयता देशागणिक वेगळी

कंपनीच्या पगारी वकिलाने साहेबांना दिलेला लेखी सल्ला गोपनीय राहतो का? याचे उत्तर देशाची सीमा ओलांडली की बदलते.

फेब्रुवारी २००३ मध्ये युरोपीय आयोगाच्या अधिकाऱ्यांनी स्पर्धा कायद्याच्या चौकशीसाठी इंग्लंडमध्ये अ‍ॅक्झो नोबेल आणि तिच्या अ‍ॅक्रॉस या उपकंपनीच्या आवारात झडती घेतली. हाती लागलेल्या कागदांत दोन ई-मेल होते. ते अ‍ॅक्रॉसचे महाव्यवस्थापक आणि अ‍ॅक्झोचे नोकरीतले वकील यांच्यातले होते. हे वकील नेदरलँड्सच्या बारचे रीतसर सदस्य. तरीही १४ सप्टेंबर २०१० रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने या ई-मेलना संरक्षण नाकारले. पगारी वकील बाहेरच्या वकिलाइतका स्वतंत्र नसतो, हे त्यामागचे कारण. इंग्लंडच्या स्वतःच्या कायद्यात मात्र अशा सल्ल्याला संरक्षण आहे.

भारतात पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केले, की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चे संरक्षण अशा वकिलांना नाही. कलम १३४ चे मर्यादित संरक्षण तेवढे मिळते.

म्हणून पुण्यात बसून युरोपातली शाखा सांभाळणाऱ्या वकिलाने ई-मेल लिहिण्याआधीच विचारावे: हा कागद उद्या कोणत्या देशातला अधिकारी उघडेल? नाजूक प्रश्नावर तिथल्या स्वतंत्र वकिलाचा सल्ला वेळीच घ्यावा. झडतीच्या दिवशी फार उशीर झालेला असतो.