आपाचा तंबोरा

जुन्या, घडीव वस्तूंचा मला नाद आहे. खिसा कवीचा, त्यामुळे विकत घेणं कमी आणि पाहणं जास्त. शनिवारी सांगलीहून एस.टी. पकडायची, रविवारी रात्री परतायचं. ‘निघाले नवाब!’ असं घरचे म्हणतात.

साताऱ्याजवळ लिंब गावची बारामोटेची विहीर मी पाच-सहा वेळा तरी पाहिली असेल. विरूबाई भोसले यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. नाव बारामोटेची, पण जागा पंधरा मोटांची! विहिरीच्या पोटातच महाल आहे. लोक तिथलं कोरीवकाम पाहतात. मी वर मोटांच्या दगडी जागांपाशी रेंगाळतो. आमराईला पाणी द्यायचं होतं, म्हणून ही सारी मांडणी. देखणेपण त्या कामाच्या पोटातूनच आलेलं.

मिरजेचा तंबोराही असाच. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात इथं तंतुवाद्यं घडवायला घेतली. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मला गंमत वाटते ती भोपळ्याची. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून हे कडू भोपळे येतात. साच्यातून काढल्यासारखे दोन भोपळे सारखे कधीच नसतात. म्हणून आधी भोपळा निवडायचा, मग त्याच्या तोंडाच्या मापानं लाकडाची तबली बेतायची, दांडी जोडायची. म्हणजे निम्मा आराखडा वेलीनंच काढलेला! शेवटी जवारी. घोडीचा माथा कानसून असा किंचित उतरता करायचा की तार त्याला निसटती शिवत राहील. तिथं दोऱ्याचा बारीक तुकडा सरकवला की आवाज खुलतो. हे मोजपट्टीचं काम नाही, कानाचं आहे.

हे सगळं मला कळलं ते फार उशिरा, आपाच्या तंबोऱ्यामुळे. थोरली बहीण माझी. अब्बांनी तिला तो मिरजेतूनच आणून दिला होता. ती गेल्यावर तो कोपऱ्यात उभा राहिला. २०१९च्या महापुरात पाणी घरात शिरलं तेव्हा मी पुस्तकं माळ्यावर चढवली, तंबोरा विसरलो. तीन दिवस तो पाण्यात होता. नंतर त्याच्याकडे पाहायचं धाडस झालं नाही. चादरीत गुंडाळून ठेवून दिला.

परवा एक गृहस्थ आले. हॉटेल सजवायला जुन्या वस्तू घेतात. म्हणाले, ‘भोपळ्याला भोक पाडून आत दिवा सोडू. झकास व्हिंटेज दिसेल!’ रक्कम चांगली होती. खोटं कशाला सांगू, मी ‘उद्या कळवतो’ म्हणालो.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी रिक्षात घालून तो मिरजेला नेला. तिथल्या चाचांनी चादर सोडली, भोपळ्यावर बोटानं टिचकी मारली. आवाज भद्द आला.

‘हा गेला. पण दांडी, खुंट्या शाबूत आहेत. घोडीही चालेल.’

‘मग नवा भोपळा?’

‘याच्या मापाचा मिळायला हवा ना. नवा माल येऊ दे.’

जाताना त्यांनी विचारलं, ‘वाजवणार कोण?’

मी नातीचं नाव सांगितलं. ती सात वर्षांची आहे, आणि तिला अजून मी हे विचारलेलं नाही.