लिंक उघडली म्हणजे संदर्भ बरोबर?

गडचिरोलीच्या आरोग्यावर प्रबंध लिहिणाऱ्याला एक शोधनिबंध टाळता येत नाही. 'सर्च' या संस्थेच्या डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा हा निबंध डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला: खंड ३५४, पाने १९५५ ते १९६१. ३९ गावांत नवजात बाळांना घरीच उपचार मिळाले, ४७ गावे तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात ६२.२ टक्के घट दिसली. संदर्भ तपासणाऱ्या सॉफ्टवेअरविषयीचे समज याच निबंधावर पारखून पाहू.

'सॉफ्टवेअरने लिंक जोडली, म्हणजे संदर्भ बरोबर', हा सर्वांत पसरलेला आणि माझ्या मते सर्वांत घातक गैरसमज. सॉफ्टवेअर करते ते एवढेच: सूचीतल्या ओळीतून लेखक, वर्ष, नियतकालिक, खंड, पान वेगळे काढते, ते क्रॉसरेफ किंवा पबमेडच्या नोंदींशी ताडून पाहते आणि जुळले की लेखाचा कायमचा क्रमांक, म्हणजे डीओआय, जोडते. खंड चुकला, पान चुकले, तर ते नेमके पकडते. पण 'गडचिरोलीत अर्भक मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला' असे लिहून पुढे हाच संदर्भ दिला, तर ते गप्प बसते. लिंक उघडते, निबंध खरा असतो, विधान मात्र चूक. ६२.२ टक्के घट जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतल्या मृत्यूंची आहे; वर्षाच्या आतल्या बाळांच्या मृत्युदरातली घट त्याच निबंधात ४५.७ टक्के दिली आहे. त्यातच कामाला सुरुवात होण्यापूर्वी त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ होता. एकच आकडा दोन अर्थांनी येतो. तो फरक निबंध वाचणाऱ्यालाच कळतो.

मजकूर आणि सूची यांचा मेळ घालण्यात मात्र यंत्र माणसापेक्षा सरस आहे. २००५ साली 'जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजी'च्या एका पुरवणीत गडचिरोलीच्या याच प्रयोगावरचे अनेक लेख एकत्र आले. मजकुरात नुसते 'बंग व इतर, २००५' लिहिले, तर कोणता लेख? २००५ अ, ब, क अशी खूण करायची राहिली की सॉफ्टवेअर तिथे बोट ठेवते.

'सॉफ्टवेअरला सापडला नाही, म्हणजे संदर्भ खोटा' हेही खरे नाही, आणि चंद्रपूर व गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत तर मुळीच नाही. १९०९ चे गॅझेटियर 'चांदा' जिल्ह्याचे आहे. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याआधीची नोंद चांदा किंवा चंद्रपूर या नावाखाली शोधावी लागते. वनखात्याच्या जुन्या कार्य आयोजना, मेंढा (लेखा)सारख्या ग्रामसभांचे ठराव, मराठी पुस्तके यांपैकी बहुतेकांना डीओआय नसतो. शिवाय 'बंग' हे आडनाव देवनागरीत लिहिले की रोमन लिपीतल्या नोंदीशी ते सहसा जुळत नाही. अशा वेळी संदर्भ गाळू नका. कागद कोणत्या कार्यालयात, कोणत्या क्रमांकाखाली आहे ते लिहा. चॅटबॉटने दिलेला संदर्भ कुठेच सापडत नसेल, तर मात्र तो काढून टाका. असे लेख अनेकदा अस्तित्वातच नसतात.

दुसरी एक गल्लत प्रमाणपत्राची. 'शोधशुद्धी' या प्रबंधातले साम्य मोजणाऱ्या सेवेतून साम्य १० टक्क्यांच्या आत आले की संदर्भही तपासले गेले, असे अनेक जण धरून चालतात. ती तपासणी वाङ्मयचौर्याची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार संदर्भसूची तर त्या मोजणीतून वगळलीच जाते.

खर्चाची भीतीही नको. २००६ पासून उपलब्ध असलेले झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. भामरागडला रेंज नसली तरी ते संगणकावर चालते. डीओआय शोधायला तेवढे इंटरनेट लागते. मागे घेतलेला लेख यादीत असेल तर ते इशाराही देते.

गोंडवाना विद्यापीठात किंवा कुठेही प्रबंध सादर करण्यापूर्वी सॉफ्टवेअर जरूर चालवा. मग ज्या दहा संदर्भांवर तुमचा निष्कर्ष उभा आहे ते स्वतः उघडा, आणि तुम्ही लिहिलेला आकडा तिथल्या तक्त्यात आहे का, ते पाहा.